फुलीची बाजू

कॅबेज बेट, जॉर्जिया
९ फेब्रुवारी १७९५

ताई,

पोचलो. धड आहे. बाबांना आधी एवढं सांग, मग पुढचं वाच.

बॉस्टनहून निघाल्यापासून बाविसाव्या दिवशी आमची नाव इथे लागली. त्यातले अठरा दिवस मी कठड्यावर ओणवा होतो, तेव्हा समुद्राचं वर्णन माझ्याकडे मागू नकोस. जहाजं बांधणाऱ्यांच्या घरात जन्मून मला बोट लागते, यावर काय हसायचं ते एकदा हसून घे.

बेटावर पहिलं पाऊल ठेवलं ते गुडघाभर चिखलात. पण झाडं, ताई! लाइव्ह ओक म्हणतात तो हा. बारा महिने हिरवा, बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही, आणि फांद्या सरळ वर जायचं नावच घेत नाहीत. जहाजाच्या फासळीला जो बाक लागतो तो बाक घेऊनच फांदी वाढते. आपल्याकडचा ओक बारा-पंधरा वर्षांत कुजतो, हा पन्नास वर्षं कुजत नाही म्हणे. असेलही. तुटायची तरी त्याला अजिबात घाई नाही. सकाळी धार लावलेली कुऱ्हाड दुपारी लोणी कापायच्याही लायकीची राहत नाही.

आपल्याकडून आलेल्या चाळीस जणांपैकी अकरा तापानं आडवे आहेत. म्हणून इथला कारभारी ग्रिंबल यानं शेजारच्या मेजर थ्रेलच्या मळ्यावरून वीस गुलाम भाड्यानं आणलेत. मला त्यांचा मुकादम केलंय. त्यांच्यात क्वॉश नावाचा एक आहे, चाळिशीचा असेल. मी नुसता फासळीचा लाकडी नमुना, फर्मा, दाखवायचा. तो फर्म्याच्या कडेवरून एकदा हात फिरवतो आणि न बोलता जंगलात चालू लागतो. तासाभरानं त्याच बाकाचं झाड समोर! मला एक अक्षरही वाचता न येणाऱ्या माणसाचा हेवा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

बाबांच्या फर्म्यांची पेटी कोरडी पोचली. नाळेजवळच्या, जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, सहा फासळ्यांचे फर्मे, सहाव्यापासून अकराव्यापर्यंत, प्रत्येकी दोन, एक उजव्या बाजूचा आणि एक डाव्या. मी सगळ्यांना एकच मंत्र दिलाय: फुली आभाळाकडे. फर्मा लाकडावर ठेवायचा तो फुली वर करून, आणि कड तिरपी तासायची ती फुलीच्या बाजूनं. मग मूर्खालाही चूक करता येत नाही. हल्ली बाबा फुल्या फार सुबक मारतात हं. पूर्वी नांगरल्यासारख्या असायच्या.

इथे खायला भात, खारं डुक्कर आणि कालवं. पुन्हा भात. तुझ्या हातचे घेवडे आठवून रडू येतं.

तुझा,
ॲसहेल


बॉस्टन
१५ मार्च १७९५

ॲसहेल,

पत्र मिळालं. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बोट लागण्याचं वाचताना त्यांनी "हा पोरगा कुणावर गेलाय कोण जाणे" एवढंच म्हटलं, पण हसले. त्यांची प्रकृती उत्तम आहे. रोज गोदीतल्या आखणीच्या माडीवर जातात. दुपारचा डबा मी नेते आणि थोडा वेळ तिथेच बसते, जिना फार उभा आहे म्हणून.

फुल्या सुबक आहेत हे ऐकून बरं वाटलं. स्पष्ट दिसतात ना? लिही.

गोदीत जहाजाचा कणा टाकून झालाय आणि सगळं गाव रविवारी प्रार्थना संपली की तिकडेच. एवढं लांब फ्रिगेट जातीचं लढाऊ जहाज कुणी पाहिलेलं नाही. म्हातारे सुतार म्हणतात, याची पाठ म्हाताऱ्या घोडीसारखी मधे खचेल. त्यावर मुख्य मिस्त्री पेबडी म्हणतो, म्हणून तर पोटात कण्यापासून वर तिरप्या तुळया घालतोय. तोफा चोवीस पौंडी गोळ्यांच्या घालणार, इंग्रजांच्या फ्रिगेटांवर अठरा पौंडीच असतात. आणि फासळ्या इतक्या लागून-लागून की मधे हात जाणार नाही. "मोठं जहाज दिसलं तर पळायचं, आपल्याएवढं दिसलं तर त्याचा भुगा करायचा," असं पेबडी प्रत्येकाला सांगतो. बाबा म्हणतात, आधी पाण्यात तरंगू दे, मग भुगा कर.

शेजारच्या मिसेस ड्रू रोज विचारतात, "तुमच्या ॲसहेलनं लाकूड पाठवलं का?" त्यांचा मुलगा नेहेमाया अल्जीयर्सच्या चाच्यांनी पकडला त्याला दीड वर्ष होईल. तिथे बेड्या घालून त्याला दगड वाहायला लावतात. हे जहाज पाण्यात उतरलं की तो सुटेल असं त्या माउलीनं मनाशी धरलंय. मी म्हणते, येईल हं लाकूड. चर्चमध्ये दर रविवारी त्या बंदिवानांसाठी प्रार्थना होते आणि सगळी बाकं डोळे पुसतात.

तेव्हा कालवं कमी खा आणि लाकूड लवकर पाठव.

जेरुशा


कॅबेज बेट
२० एप्रिल १७९५

ताई,

मिसेस ड्रूंना सांग, लाकूड निघालं! सहा ते अकरा, बारा नग, काल नावेत चढवले. एकेक नग हलवायला बैलांच्या चार जोड्या लागल्या. तरी नववा चिखलात रुतला आणि आम्ही सगळे पोटापर्यंत आत. ग्रिंबल काठावर उभा राहून शिव्या देत होता. त्याचे बूट मात्र कोरडे राहिले.

फुल्या अगदी स्पष्ट आहेत. का विचारतेस एवढं?

कापताना मधे एकदा क्वॉशला काहीतरी शंका आली होती, मी ती निस्तरली. एरवी तक्रारीला जागा नाही. लाकूड तासायला असा वाकस चालवणारा मी आपल्या गोदीतसुद्धा पाहिलेला नाही. पायाच्या अंगठ्याशेजारून कपचा उडवतो आणि ढुंकून बघत नाही. त्याची बायको बायना मेजरच्या कापसाच्या शेतात आहे. रविवारी ती इथे येते, मक्याची भाकरी आणि मासे घेऊन, आणि मला न विचारता माझ्याही पुढ्यात ठेवते. परवा म्हणाली, "तुम्हाला बघवत नाही. तुमच्याकडच्या बायका तुम्हाला जेवू घालत नव्हत्या का?" मी म्हटलं, माझी बहीण घालायची, पण बोलून बोलून. ती खूप हसली.

आपले आणखी सात जण तापानं पडले. दोघांना पुरलं. नावं लिहीत नाही, त्यांच्या घरी ग्रिंबल कळवेल. बाकीचे जूनपूर्वी घरी परतताहेत. मी थांबतोय. पुढच्या हंगामात मोठा मुकादम करतो असं ग्रिंबल म्हणालाय.

ॲसहेल


बॉस्टन
२ जून १७९५

ॲसहेल,

लाकूड पोचलं. देखणं आहे. पण ऐक आता.

शुक्रवारी सहावी फासळी उभी करायला घेतली. डाव्या बाजूचा नग बसला, म्हणजे असा बसला की पेबडीनं टोपी काढली. मग उजवा घेतला. तो बसेना. कड उलटीकडे तिरपी. मग सातवा, मग आठवा. संध्याकाळपर्यंत बाराही लावून पाहिले. बाराही डावे. डाव्या पायाचे बारा बूट! पेबडी तिथेच लाकडाच्या ढिगावर बसला. मग जे बोलला ते मी लिहीत नाही.

सहा नग वाया. म्हणजे सहा नवी झाडं, आणि तीही ऐन उन्हाळ्यात. गोदीतून ग्रिंबलला कडक पत्र गेलंय. त्यात विचारलंय की फर्मे कोणी ठेवले आणि कड कोणी तासली.

बाबांनी ऐकलं. जेवले नाहीत. त्यांचे फर्मे चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत हे तुला माहीत आहेच. फर्म्यात काही खोट असेल असं इथे कुणीच म्हणत नाही. तू तुझ्या माणसांना विचार. त्या क्वॉशनं फर्मा पालथा ठेवला नसेल ना? वाचता येत नाही म्हणतोस. उजवं-डावं कळायला हवं ना माणसाला.

मिसेस ड्रू काल दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती लांबलं?" मी म्हटलं, थोडंसं.

जेरुशा


कॅबेज बेट
३० जून १७९५

ताई,

तुझं आणि गोदीचं पत्र एकाच नावेनं आलं. गोदीचं ग्रिंबलनं सगळ्यांसमोर वाचलं आणि वाचून होताच क्वॉशकडे बोट दाखवलं. "या गाढवाला डावं-उजवं कळत नाही." दुसऱ्या दिवशी मेजर थ्रेल घोड्यावरून आला. त्यालाही तेच सांगितलं. मेजर म्हणाला, सहा झाडं नासणारा माणूस मला नको, कापूस वेचायच्या आधी याला सव्हानाच्या बाजारात काढतो. आता तिथून घेणारे थेट वरच्या मुलखात नेतात. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. बायना इथेच राहणार, तिला मेजर सोडणार नाही.

ताई, फर्मे मी काढून पाहिले. आठव्याची जोडी जमिनीवर शेजारी ठेवली, दोघांची फुली वर. एक उजवा आणि एक डावा, म्हणजे आपल्या दोन तळव्यांसारखे समोरासमोर वाकायला हवेत. दोन्ही एकाच बाजूला वाकले! एकावर एक ठेवले तर कडेला कड जुळली. सहाही जोड्यांचं तेच. एका फर्म्यावर उजवा असं अक्षर आहे, दुसऱ्यावर डावा, पण फुली दोघांवर एकाच अंगाला. क्वॉशनं फुली आभाळाकडे ठेवली. त्यानं फर्म्याबरहुकूम कापलं. चूक फर्म्याची आहे. बाबांच्या हातून कशी झाली देव जाणे. पण झाली.

मी हे ग्रिंबलला दाखवलं. तो म्हणाला, "फुल्या त्यानंच नंतर चाकूनं मारल्या नसतील कशावरून? लाकूड कापायच्या आधी फुल्या अशाच होत्या याला साक्षीदार आहे का कुणी?" यावर मी काय बोलणार?

म्हणून आठव्याची जोडी सोबत पाठवतोय. बाबांना दाखव. फुल्या आमच्याच माडीवर मारल्या, चूक आमची, असं त्यांनी दोन ओळींत लिहून सही करावी आणि पाद्रीबाबांची साक्ष घालावी. बाबांचं नाव इथेही चालतं. तो कागद दाखवला की मेजरला माघार घ्यावीच लागेल. बाबांना लागेल, मला माहीत आहे. पण क्वॉशनं काय केलंय? तूच सांग.

कापसाची वेचणी ऑगस्टअखेर सुरू होते. मिळेल त्या पहिल्या नावेनं कागद पाठव.

ॲसहेल


बॉस्टन
१८ जुलै १७९५

ॲसहेल,

फर्मे मिळाले. बाबांना बरं नाही, छातीत कफ आहे, त्यांना आत्ता काही दाखवणं योग्य नाही. थोडं थांब. मेजर बोलतो तसं करेलच असं नाही, रागाच्या भरात माणसं बरंच बोलतात. इतका कसबी माणूस कोण विकतो?

सोबत दोन सदरे पाठवतेय.

जेरुशा


बॉस्टन
४ ऑगस्ट १७९५

ॲसहेल,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातलं सदऱ्यांचं तेवढं खरं आहे.

बाबांना कफ वगैरे काही नाही. बाबांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी दोरा दिसेना, मग आखणीची रेघ, आता समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखतात. फर्म्याचा बाक ते अजून हातानं काढतात, तो केसभरही चुकत नाही. पण रेघ, अक्षर, फुली हे सगळं मी करते. डबा घेऊन जाते, दार लावते आणि करते. गोदीत कळलं तर बाबांना त्याच दिवशी घरी बसवतील, आणि सरकारच्या जहाजाचे फर्मे एक बाई आखते हे कळलं तर काय करतील ते मला माहीतही नाही. तुलाही सांगितलं नाही. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही.

त्या सहा जोड्या मी जानेवारीत एका दुपारी केल्या. उजेड कमी होता. प्रत्येक फर्मा खिडकीकडे वळवला आणि माझ्यासमोर आलेल्या अंगावर फुली मारली. बाबा जोडी नेहमी समोरासमोर उभी करतात, आपण जहाजात उभं राहून नाळेकडे बघतोय असं समजून, आणि मगच मारतात. मला ते माहीत होतं. हात गारठले होते म्हणून मी घाई केली. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं काही नाही.

बारा डाव्यांचं ऐकलं त्याच दिवशी मला कळलं होतं. तरी मी तुला लिहिलं की क्वॉशला उजवं-डावं कळत नसेल. ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. लाज वाटते, पण तसंच झालं.

काल बाबा स्वतःच म्हणाले, "ॲसहेलनं फर्मे परत पाठवलेत ना? खोक्याचा आवाज ओळखतो मी. आण." आणावे लागले. दोन्ही फर्म्यांचा बाक चाचपून फुलीवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. म्हणाले, "ही माझी नाही. माझा घाव डावीकडून खोल जातो."

मी म्हटलं, "बाबा, सगळ्या माझ्याच आहेत. दोन वर्षांच्या."

"ते ठाऊक आहे गं. पण ही चुकलेली आहे. कधीपासून माहीत आहे तुला?"

"लाकूड आलं तेव्हापासून."

"आणि तिकडे कुणाच्या माथी मारलंय?"

मी सांगितलं. क्वॉश, त्याची बायको, मेजर, बाजार, सगळं. ते असे ओरडले की भिंतीपलीकडून मिसेस ड्रूंनी ठोकलं. "दोन महिने? माझ्या नावासाठी? माझं नाव काय लोणच्यात घालायचं आहे?" लहानपणानंतर ते मला असं कधी बोलले नव्हते. मी रडले. त्यांनी रडू दिलं.

आज सकाळी ते माझा हात धरून गोदीत गेले आणि पेबडीला सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. पेबडीनं विचारलं, "टरेल, मी आत्ता किती बोटं धरलीत?" बाबा म्हणाले, "मोजायला आलो नाही, सांगायला आलोय." त्यांना घरी पाठवलंय. हत्यारांची पेटी उद्या कुणीतरी आणून देईल. माझ्याकडे पेबडीनं बघितलंसुद्धा नाही.

कागद सोबत आहे. बाबांची सही, माझी सही, पाद्रीबाबांची साक्ष. खाली मी माझ्या हातानं लिहिलंय की फुल्या मी, जेरुशा टरेल, हिनं मारल्या. नाव आज दुपारी सुटतेय. कप्तानाच्या हातात मी स्वतः देणार आहे.

वेळेत पोचू दे.

जेरुशा


कॅबेज बेट
७ सप्टेंबर १७९५

ताई,

कागद गुरुवारी आला, तीन तारखेला. क्वॉशला चोवीस ऑगस्टला, सोमवारी नेलं.

तुझं मागचं पत्र आणि सदरे त्याला नेण्याच्या पाच दिवस आधी आले होते. हे लिहू नये असं वाटलं, पण तारखा तू काढशीलच.

कागद घेऊन मी लगेच मेजरकडे गेलो. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला, तुझं नाव दोनदा वाचलं. म्हणाला, "अरेरे. चांगला माणूस गेला." आणि चहा घेणार का असं विचारलं. सव्हानाला जाऊन आलो. दलाल म्हणाला, अकरा जणांच्या घोळक्यात दिला, नेणारा वरच्या मुलखातला, नाव नीट आठवत नाही. कुठे नेलं? "नदीच्या वर." नदीच्या वर म्हणजे अर्धा देश आहे, ताई.

आता माझं ऐक. तू तुझं लिहिलंस, मला माझं लिहायचंय. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की क्वॉशला शंका आली आणि मी निस्तरली. ती कसली होती ते सांगतो. मार्चमध्ये, पहिला घाव घालायच्या आधी, त्यानं आठव्याची जोडी वाळूत शेजारी-शेजारी मांडली. मला हाक मारली. म्हणाला, "साहेब, हे दोन्ही एकाच हाताचे आहेत." त्याला अक्षर येत नाही ना, म्हणून तो नुसता आकार बघत होता. मी आकार बघितलाच नाही. मी उजवा आणि डावा ही अक्षरं वाचली आणि म्हटलं, "माझे बाबा चाळीस वर्षं हे करताहेत. तू झाडं शोध. काप." त्यानं दोन्ही फर्मे वाळूतून उचलून झटकले. मग म्हणाला, "बरं," आणि कुऱ्हाड उचलली.

म्हणजे ग्रिंबल ज्या साक्षीदाराबद्दल विचारत होता तो मी होतो. तुझ्या कागदाची काही गरज नव्हती. गोदीचं पत्र वाचलं त्या दिवशी, त्याच जागी, मला तोंड उघडता आलं असतं. त्यानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, एवढं एक वाक्य. पण मग मुकादमी गेली असती आणि सगळ्यांसमोर मी गाढव ठरलो असतो. म्हणून मी तुला पत्र लिहिलं आणि नावेची वाट बघत बसलो. क्वॉश हे रोज बघत होता. त्यानंही कुणाला सांगितलं नाही. त्याचं कोण ऐकणार होतं? मी एकदा विचारलंही, बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

मी काल ग्रिंबलला हे सांगितलं. त्यानं खांदे उडवले. सहा उजव्या फासळ्यांसाठी झाडं हवी आहेत आणि त्या बाकाची झाडं कुठे उभी आहेत हे आता बेटावर कुणालाच माहीत नाही.

काल रविवार होता. बायना आली. भाकरी आणली नव्हती, पण आली. म्हणाली, "तुम्हाला लिहिता येतं. त्याला लिहा." मी कागद घेतला. ती उभ्यानंच सांगत होती, मी लिहीत होतो. लिहा की डुकरीनं सात पिलं घातली, एक मेलं. लिहा की माझा खोकला गेला. लिहा की मी इथेच आहे, मला कुठेही नेलेलं नाही, कधीही आला तरी इथेच सापडेन. मग म्हणाली, "वाचून दाखवा." मी वाचलं. एक शब्द तिनं बदलायला लावला.

"आता बाहेरून लिहा, कुणाला आणि कुठे ते."

मी घडी घातली, लाख लावली आणि वर लिहिलं: क्वॉश. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिला वाचता येत नाही. म्हणून मी नावाखाली आणखी दोन ओळी नुसत्याच गिरगटल्या, पत्त्यासारख्या. तिनं मान डोलावली, म्हणाली "पोचेल ना?" आणि मी हो म्हटलं.

तुझा भाऊ,
ॲसहेल